बिवलकरांची लाल रेघ

दीनानाथ बिवलकरांचा जन्म दिल्लीतल्या हिंदूरावच्या इस्पितळातला. त्यांची आई सांगायची, वॉर्डातली बाकीची पोरं बोंबलत होती आणि हा एकटा डोळे मोठे करून गप्प पडला होता. रडलो तर कुणी रागावेल, ही धास्ती त्याला पहिल्या दिवसापासून. आयांच्या अशा गोष्टींतलं निम्मं सोडून द्यावं. उरलेलं निम्मं मात्र खरं धरावं लागतं, कारण पुढची बावन्न वर्षं बिवलकर भीत भीतच जगले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. बिवलकरांच्या ब्रह्मराक्षसाने एक दिवस रजा घेतली नाही.

ते कुत्र्यांना भ्यायचे. सोसायटीच्या सेक्रेटरीला भ्यायचे. चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि लिफ्ट बंद पडेल म्हणून जिन्याने चढायचे, तर जिन्यात कुत्रं बसलेलं असायचं. बायको, प्रभाताई, पहाडगंजच्या मराठी शाळेतून निवृत्तीकडे झुकलेल्या मास्तरीणबाई. त्यांना कशाचीच भीती वाटत नसे. त्या म्हणायच्या, "अहो, तुम्ही घाबरायचं काम एवढं चोख करता ना, की घरात दुसऱ्या कुणाला त्यात काही करायला उरतच नाही." बिवलकर हसायचे, पण हळू.

वडील भाऊसाहेब कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांनी मुलाला दोन गोष्टी दिल्या: सुरेख अक्षर आणि कागदाच्या डोक्यावर 'श्री' लिहायची सवय. भाऊसाहेब वाण्याच्या यादीवर श्री लिहायचे, पोस्टकार्डावर लिहायचे, वीज गेल्याच्या हिंदी तक्रारअर्जावरसुद्धा लिहायचे. श्री नसलेला कागद त्यांना डोक्यावर टोपी नसलेल्या माणसासारखा उघडाबोडका वाटे. मुलाच्या हातातही ते असं मुरलं की आपण काही लिहिलं हे त्याच्या लक्षातही येत नसे.

बिवलकर मुळात ड्राफ्ट्समन. ओखल्याच्या एका कारखान्यात वीस वर्षं टी-स्क्वेअर आणि पेन्सिल घेऊन पंप आणि पुल्या काढल्या. मग देशाची दारं उघडली, बाहेरचा माल आत आला आणि शहाण्णव साली ओखल्याच्या त्या फाटकाला कुलूप लागलं. बिवलकर चौदा महिने घरी बसले. त्या चौदा महिन्यांबद्दल ते कधी बोलत नसत. पण पुढे दिल्लीबाहेर मानेसरला मोटारीचे भाग करणाऱ्या एका कारखान्यात काम मिळालं, तेव्हा चाळिशीतल्या या माणसाने कॉम्प्युटर शिकून घेतला, तो ज्ञानाच्या ओढीने वगैरे नव्हे. परत घरी बसावं लागेल या भीतीने. भीतीसारखा मास्तर नाही, आणि त्याची फीही जबरी.

मानेसरच्या कारखान्यात खाली मोठ्या हॉलमध्ये चौदा सीएनसी लेथ. कॉम्प्युटरवर चालणारे हे लेथ; त्यांना कुणीतरी आधी लिहून द्यावं लागतं की टूल इतकं पुढे ने, इतकं आत घाल, इतकं मागे घे. अक्षरं आणि आकडे यांची ती एक भाषाच असते. वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत बसून त्या भाषेत प्रोग्राम लिहायचं काम बिवलकरांचं. एकेक प्रोग्राम चारशे ओळींचा. लिहून झाला की वायरीतून खाली मशीनमध्ये जायचा, आणि एकदा गेला की वरून परत ओढता येत नसे.

त्या भाषेत एक वाईट खोड आहे. शंभर लिहून पुढे टिंब दिलं की मशीन शंभर मिलिमीटर समजतं. टिंब विसरलं, तर शंभर मायक्रॉन. म्हणजे केसाच्या जाडीएवढं. टूल अर्धी वीत मागे यायच्या ऐवजी केसभर मागे येतं, मशीनला वाटतं आपण लांब आलो, आणि ते पुढचं टूल गर्रकन फिरवून आणतं. ते टूल मिनिटाला दोन हजार फेरे घेणाऱ्या लोखंडावर आदळतं. मग काय उडेल आणि कुणाला लागेल, ते सांगता येत नाही.

म्हणून बिवलकरांची सगळी भिस्त एका प्लगिनवर होती. ते ज्या टेक्स्ट एडिटरमध्ये लिहायचे तो फुकटातला, आणि त्याला जोडायचं हे प्लगिनही फुकटातलं. जगाच्या पाठीवर कुठल्याशा भल्या माणसाने लिहून नेटवर ठेवलेलं. त्याची दोन कामं. आकड्यांना आणि अक्षरांना वेगवेगळे रंग द्यायचे, आणि टिंब राहिलेल्या आकड्याखाली लाल रेघ ओढायची. लाल रेघ दिसली की बिवलकरांच्या काळजात धस्स व्हायचं आणि दुरुस्त केलं की हायसं वाटायचं. दिवसातून सात-आठ वेळा हे व्हायचंच. बावन्नाव्या वर्षी, दुहेरी नंबरच्या चष्म्यातून टिंबं निसटतातच.

खालच्या चौदा ऑपरेटरांत एकजण मराठी होता. शहाजी डुबल, कऱ्हाडजवळच्या खेड्यातला, फौजेत सतरा वर्षं गाड्या आणि तोफा दुरुस्त करून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. शेवटचं पोस्टिंग दिल्ली कॅन्टोन्मेंटला होतं, मुलीची शाळा इथेच सुरू झाली होती, म्हणून गावी न जाता मानेसर गावात दोन खोल्या घेऊन राहिला. सहा नंबरचं मशीन त्याचं. नवा प्रोग्राम आला की ऑपरेटरने तो आधी जॉब, म्हणजे घडवायचं लोखंड, न लावता हवेत चालवून बघायचा, एकेक ओळ, हात लाल बटणावर ठेवून, असा नियम आहे. शहाजी तो नियम सगळ्यांच्या प्रोग्रामला पाळायचा, बिवलकरांच्या सोडून.

"तुमचा प्रोग्राम तपासायचा म्हंजे आईच्या भाकरीत खडा हुडकायचा, साहेब," तो म्हणायचा. "आपण नाय तपासत. बिल्कुल नाय."

आयुष्यात कुणी बिवलकरांच्या भरवशावर इतकं निर्धास्त राहिलं नव्हतं. ते ऐकून त्यांना गुदगुल्या व्हायच्या. नियमाने चाल, असं त्यांनी शहाजीला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

जानेवारीतल्या एका सोमवारी वरच्या खोलीतले कॉम्प्युटर बदलले. बिवलकरांनी नव्या मशीनवर एडिटर घातला, प्लगिन घातलं, आणि प्लगिनने काय काय तपासायचं ते सांगणारी सेटिंगची फाइल या वेळी स्वतःच्या हाताने लिहिली. जुनी फाइल आधीच्या माणसाने करून ठेवलेली होती. ही त्यांची स्वतःची. सोसायटीच्या गणपतीची पत्रकं करून करून मराठी टाइप करायचा हात बसलेला होता. फाइल झाली, रंग उमटले, झकास.

सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवार गेला. एकोणीस प्रोग्राम लिहून खाली गेले आणि तीन दिवसांत एकदाही लाल रेघ आली नाही. बिवलकरांना नवल वाटलं. बुधवारी जेवताना ते प्रभाताईंना म्हणाले, "आजकाल माझी चूकच होत नाही बघ." जन्मात पहिल्यांदा स्वतःची पाठ थोपटली, आणि तीही नको तेव्हा.

गुरुवारी धुक्यामुळे कंपनीची बस उशिरा पोहोचली. बिवलकरांनी गार बोटं चोळत विसावा प्रोग्राम सुरू केला. पावणेदहाला त्यांची नजर वरून चौथ्या ओळीवर गेली. तिथे पन्नास होतं. पुढे टिंब नव्हतं. खाली लाल रेघही नव्हती.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पन्नास, टिंब नाही, रेघ नाही. मुद्दाम खाली एक ओळ चुकीची लिहिली. रेघ नाही. दहा ओळी धडधडीत चुकीच्या लिहिल्या. पडदा निळा-हिरवा, रंगीबेरंगी, प्रसन्न. रेघ नाही.

मग त्यांना कळलं. तीन दिवस आपण चुका केल्या नाहीत असं नव्हे. तीन दिवस राखणदारच मरून पडला होता, आणि तो भुंकला नाही म्हणून आपण खुशाल झोपलो होतो.

एकोणीस प्रोग्राम खाली होते. कुठला आज लागेल, कुठला उद्या, ते खाली ठरायचं. आता करायचं काम एकच होतं, आणि ते शाळेतल्या पोरानेही सांगितलं असतं: फोन उचलायचा आणि माझे नवे प्रोग्राम लावू नका म्हणायचं. मोबाइल गेटवर जमा व्हायचे. खालच्या हॉलला एकच फोन होता, आणि तो दहिया साहेबांच्या केबिनमध्ये होता.

दहिया हा प्लांटचा मॅनेजर. रोहतकचा, सहा फुटी, आवाज असा की मशीनं चालू असताना त्याला माइक लागत नसे. लाइन थांबवणं हे त्याच्या लेखी पाप. महिन्यापूर्वी क्वालिटीच्या एका माणसाने खोट्या संशयावरून लाइन थांबवली होती. दुसऱ्या दिवसापासून तो बसमध्ये दिसला नाही. का, ते कुणी विचारलं नाही. बिवलकरांनी फोनवर हात ठेवला आणि त्यांच्या डोळ्यांपुढे ओखल्याचं फाटक आलं. ते कुलूप आलं. चौदा महिने दुपारी घराच्या खिडकीत बसणारा एक माणूस आला.

त्यांनी हात काढून घेतला.

त्यांच्या मनाने तेव्हा एक हिशेब मांडला, आणि भित्र्या माणसाचं मन अशा वेळी फार हुशार असतं. प्लगिन दुरुस्त करायचं. ते दुरुस्त झालं की एकोणीसही प्रोग्राम त्याच्यापुढे उघडायचे. चुकलेले कोणते ते तेच लाल करून दाखवील. मग तेवढेच सुधारून गुपचूप परत खाली पाठवायचे. कुणाला कळायचं नाही, झाकली मूठ सव्वा लाखाची. किती वेळ लागेल? दहा मिनिटं.

त्यांनी एडिटर बंद करून उघडला. नाही. कॉम्प्युटर बंद करून उघडला. नवाकोरा कॉम्प्युटर आळोखेपिळोखे देत जागा व्हायला सात मिनिटं लागली. नाही. सव्वादहा झाले. त्यांनी प्लगिन काढून टाकलं, नेटवरून पुन्हा उतरवून घातलं. रंग आले, रेघ नाही. पाठीवरून घाम ओघळत होता, आणि खिडकीबाहेर धुकं होतं. प्लगिनच्या कर्त्याने लिहिलेली सूचनांची पानं त्यांनी वाचली, पण शब्द डोळ्यांतून आत जाईनात. एकच वाक्य चार वेळा वाचलं. नेटवर शोधलं. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी अगदी हाच प्रश्न विचारला होता: रंग दिसतात, चुका दिसत नाहीत, काय करू? बिवलकरांचा जीव भांड्यात पडला. खाली त्याच माणसाने दुसऱ्या दिवशी लिहिलं होतं, "सुटलं, धन्यवाद." कसं सुटलं, ते लिहिलं नव्हतं. या माणसाला बिवलकरांनी जी शिवी दिली ती त्यांच्या तोंडून प्रभाताईंनीही कधी ऐकली नसेल.

मधूनमधून ते डोळ्यांनीच प्रोग्राम तपासू लागायचे. पण साडेसात हजार ओळी! आणि माणूस भ्याला की पडद्यावरची टिंबंही मुंग्यांसारखी हलायला लागतात. आहे की नाही? होतं. नव्हतं. तीन पानं बघून ते परत प्लगिनकडे वळले. खालून जमिनीतून मशीनांची घरघर तळपायाला जाणवत होती. ती घरघर क्षणभर जरी बदलली की ते खुर्चीतून अर्धे उठायचे. दोनदा त्यांनी फोन उचलला. एकदा तर खालून "हाँ, बोलो!" असं आलंसुद्धा, आणि त्यांनी तो ठेवून दिला.

अकराला पाच कमी असताना त्यांना सुचलं की प्लगिन नवं घातलं तरी सेटिंगची फाइल आपली जुनीच राहतेय. त्यांनी ती फाइल बाजूला सरकवली. एडिटर उघडला.

पडदा लाल झाला. मघाच्या दहाही ओळींखाली लाल रेघा. म्हणजे प्लगिन जिवंत होतं, फाइलमध्येच विष होतं. पण फाइलशिवाय ते भलत्याच ठिकाणीही लाल करत होतं, ओळीओळीला, जिथे टिंब लागतच नाही तिथेही. त्या रक्तबंबाळ पडद्यावर खरी चूक ओळखायला दिवस गेला असता. फाइल परत आणून ते एकेक ओळ काढून बघू लागले. शेवटची काढली, नाही. तिच्या वरची काढली, नाही. अशा सगळ्या अकरा ओळी काढल्या. फाइल रिकामी झाली आणि तरी रेघ येईना.

रिकामी? त्यांनी पडद्याला नाक लावलं. सगळ्यांत वर, मधोमध, त्यांनीच सोमवारी सुबक लिहिलेलं होतं: श्री.

ती ओळ आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. तो कागदाचाच भाग होता. प्लगिन बिचारं फाइल वरून वाचायला लागायचं, पहिल्याच पावलाला त्याला न कळणारी अक्षरं भेटायची, की ते तिथेच फाइल मिटून गप्प बसायचं. तपासायचं काय हेच न कळल्यामुळे काहीच तपासत नव्हतं, आणि तसं सांगतही नव्हतं. त्याबाबतीत ते अगदी बिवलकरांसारखंच होतं म्हणा.

श्री पुसायला बोट धजेना. बावन्न वर्षांत त्यांनी तो कधी पुसला नव्हता. मनातल्या मनात हात जोडून त्यांनी पुसायचं बटण दाबलं, बाकीच्या अकरा ओळी परत घातल्या आणि एकोणीस प्रोग्राम एकामागून एक उघडले. सोळा स्वच्छ होते. तीन लाल झाले. त्यांतला एक चाकाच्या मधल्या हबच्या नव्या जॉबचा होता, आत भोक पाडून टूल मागे घ्यायच्या ओळीवर. शंभर, टिंब नाही. तो सहा नंबरसाठीच लिहिलेला होता. आणि नवे जॉब लागायचे ते अकराच्या चहानंतर.

घड्याळात अकरा वाजून अकरा मिनिटं.

आता मात्र बिवलकरांनी दहियाला फोन लावला. घंटी वाजत राहिली. दहिया केबिनमध्ये नव्हता. मग बावन्न वर्षांचा हा गृहस्थ जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या उतरत खाली धावला. हॉलच्या दारात टोपी-चष्मा घातल्याशिवाय आत जायचं नाही, म्हणून गार्डने हात आडवा केला. बिवलकरांनी तो हात ढकलला. गार्डचा हात! एरवी त्यांनी गार्डला नमस्कार केल्याशिवाय कधी पाऊल टाकलं नव्हतं.

सहा नंबर हॉलच्या पार टोकाला. लांबून शहाजी दिसत होता, मशीनच्या उघड्या दारासमोर, छाती थेट जॉब पकडून फिरवणाऱ्या चकच्या रेषेत. दार लावल्याशिवाय मशीन चालू नये म्हणून तिथे सेन्सर असतो. त्याला चुंबक चिकटवलं की मशीनला दार लागल्यासारखं वाटतं. दर जॉबमागे चार सेकंद वाचतात म्हणून खाली सगळेच चिकटवायचे आणि वरचे सगळेच दुसरीकडे बघायचे. बिवलकर ओरडले, "शहाजीराव! थांबवा!" चौदा मशीनांच्या आवाजात ते त्यांना स्वतःलाही ऐकू आलं नाही. शहाजीने बटण दाबलं. चक फिरायला लागलं.

तेवढ्यात त्याचं लक्ष गेलं. वरचे साहेब, टोपी नाही, धापा टाकत, आपल्याकडे येतायत. फौजेतला माणूस तो. साहेब येत असताना पाठ करून उभं राहणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. तो वळला आणि सामोरा जायला तीन पावलं पुढे आला.

मागे तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. दोन किलोचं लोखंड उघड्या दारातून, शहाजी जिथे उभा होता तिथून सरळ बाहेर आलं आणि समोरच्या ट्रॉलीचा पत्रा फाडून आत रुतलं. सगळा हॉल थांबला. शहाजीने ट्रॉलीकडे बघितलं, मग आपण उभे होतो त्या जागेकडे बघितलं, आणि खाली बसला.

दहिया धावत आला. "क्या हुआ? किसका प्रोग्राम था?"

"मेरा था, सर," बिवलकर म्हणाले. "ग़लती... अभी पता चली. अभी. मैं भागा।"

'अभी' हा शब्द आपोआप आला. आला आणि बाहेर पडला.

दहियाने ट्रॉली बघितली, मग बिवलकरांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. "बिवलकर जी, आपने बंदा बचा लिया।" आणि मग सहज, काही मनात न ठेवता म्हणाला, "वैसे ऐसा कुछ हो तो सीधे फ़ोन मारा करो यार। मैं पूरी लाइन रुकवा देता। लोहा तो रोज़ आता है।"

बिवलकरांना वाटलं, आपण इथेच खाली पडणार. पडले नाहीत.

उरलेले दोन लाल प्रोग्राम त्यांनी दुपारीच सुधारून खाली पाठवले. त्या दिवसापासून त्यांची जी कीर्ती झाली ती भोगण्यासारखी दुसरी शिक्षा नाही. कँटीनमध्ये लोक उठून जागा द्यायचे. बसमध्ये गार्डने स्वतः गोष्ट सांगितली, हात ढकलल्यासकट. घरी प्रभाताई बघतच राहिल्या, म्हणाल्या, "तुम्ही? धावलात?" आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बिवलकरांना जेवण जाईना. पकडले जाऊ ही भीती नव्हती. पकडणारं कुणीच नव्हतं. डोळे मिटले की त्यांना ती ट्रॉली दिसायची, आणि ट्रॉलीच्या जागी शहाजी दिसायचा. दीड तास तो माणूस त्या मशीनसमोर उभा होता आणि आपण वर बसून आपली अब्रू दुरुस्त करत होतो.

रविवारी बेल वाजली. शहाजी आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि बरोबर बायको, भीमाबाई. हातात डबा, गुळाच्या पोळ्या. भीमाबाई बसायलाही तयार नव्हती. डोक्यावरचा पदर सारखा करून ती सरळ बिवलकरांच्या पायाशी वाकली. "माझं कुंकू राखलंत, दादा."

बिवलकरांनी पाय असे मागे ओढले की खुर्ची कलंडली.

"नको," ते म्हणाले. "वहिनी, नको. मला पावणेदहाला कळलं होतं."

कुणाला काही समजलं नाही. प्रभाताई चहाचा ट्रे घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"गुरुवारी. प्रोग्राम चुकले असतील हे मला पावणेदहाला कळलं होतं. मी अकराला खाली आलो. मधला वेळ मी... मी ते गुपचूप दुरुस्त करत होतो. फोन समोर होता."

शहाजीने अगदी हळू विचारलं, "मग केला का नाय फोन?"

"भ्यालो."

"कुणाला?"

"दहिया साहेबांना."

शहाजीने मान हलवली. तो रागावेल, ओरडेल, याची बिवलकरांनी तयारी केली होती. पण शहाजी त्यांच्याकडे असा बघत होता, जसा तो बंद पडलेल्या मशीनकडे बघायचा, बिघाड कुठे आहे ते शोधत. भीमाबाई मात्र उठून उभी राहिली. "पावणेदहा ते अकरा," ती नुसती म्हणाली, नवऱ्याचा हात धरला, आणि तो सोडला नाही.

"मी बी चुकलो," शहाजी म्हणाला. "नियम हाय, हवेत चालवायचा. दार लावायचं. मी तुमच्यावर टाकून मोकळा झालो. ते सोडा." तो उठला. "उद्यापासनं एक करायचं, साहेब. तुमचा नवा प्रोग्राम आला की तुमी खाली यायचं. मी हुबा ऱ्हातो तिथं हुबं ऱ्हायचं. बटण मी दाबीन."

चहा कुणी घेतला नाही. डबा राहिला.

सोमवारी बिवलकरांनी एकच प्रोग्राम लिहिला. तो प्लगिनमधून तीन वेळा काढला. एक लाल रेघ आली ती सुधारली, मग परत एकदा, ओळीवर पट्टी ठेवून, बोटाने. दुपारी दोनला तो खाली पाठवला आणि मागोमाग स्वतः उतरले. टोपी घातली, चष्मा घातला. शहाजीने आधी हवेत चालवून दाखवला, एकेक ओळ, पाऊण तास. काही चुकलं नाही. मग जॉब लावला, दार बंद केलं, आणि बाजूला होऊन आपली जागा मोकळी करून दिली.

बिवलकर तिथे उभे राहिले. काचेपलीकडे चक होतं, त्यात दोन किलोचं लोखंड, छातीच्या बरोबर समोर. वर खोलीत बसून ते कधी एवढं जवळ वाटलं नव्हतं. एकशे बारावी ओळ, टिंब होतं ना? होतं. दोनशे सातवी? तीन वेळा बघितली होती.

शहाजीने हिरव्या बटणावर अंगठा ठेवला. "दाबू, साहेब?"

"थांबा," बिवलकर म्हणाले. "एकदा वर जाऊन बघून येतो."

शहाजीने अंगठा काढला, पायाने स्टूल ओढलं आणि त्यावर बसला. "या," तो म्हणाला. "घाई नाय."